देवाचा परवा

मी एका माणसाची जीभ मागितली होती. शुद्धीत, भर दुपारी, नारळ ठेवून. मागून झाल्यावर घरी गेले, बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर जेवले आणि वर बोटंही चाटली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरायला नको.

तो माणूस आमच्या गावचा मानकरी. मालवणपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गेलं की आमचं गाव लागतं. तिथे ग्रामदेवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, याला सांभाळ, त्याला सुखरूप आण. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' एवढंच म्हणायचं. त्याचं घर आमच्या शेजारीच, मधे फक्त एक दगडी गडगा. आई त्याला भावजी म्हणायची आणि आम्ही भावंडं काका. नातं काही नव्हतं. आवाज मोठा आणि पाठांतर कच्चं, असा तो गृहस्थ होता.

आमच्या घरी आम्ही तिघं. वडील मी चौथीत असताना तापाने गेले. आई मासे विकायची. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, तो रापणीवर जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दोन दोरांना दोन्हीकडून वीस-वीस माणसं लागतात. दादाचा आवाज गोड होता. लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसून बसून त्याला सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ झालं होतं. आई म्हणायची, हा मानकऱ्याच्या घरात जन्मायचा तो वाट चुकून माझ्याकडे आला.

सत्त्याण्णवच्या जत्रेला काका गाऱ्हाण्यात अडखळला. 'रानात गेलेलो, दर्यात गेलेलो, परमुलकात गेलेलो, सगळ्यांका सुखरूप घराक हाड' अशी ती ओळ. काका 'रानात गेलेलो' म्हणून थेट 'परमुलकात'वर गेला. मासेमारीच्या गावात मानकरी दर्याच विसरला! तेवढ्यात मागून दादा म्हणाला, "काका, दर्यात गेलेलो ऱ्हवलो!"

लोक हसले. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडावर धरून हसल्या, आणि त्यांत सगळ्यात मोठ्याने मी. काकाने ओळ दुरुस्त केली, गाऱ्हाणं पुरं केलं आणि जाताना दादाला एवढंच म्हणाला, "देवाच्या कामात तोंड घालू नको रे." दादा मान डोलावून हसला. आम्ही ते विसरूनही गेलो. विसरायचं की नाही हे ज्याला लागलं त्याने ठरवायचं असतं, एवढी अक्कल आम्हाला नव्हती.

पुढच्या शिमग्यानंतर देवळातली चांदीची पळी हरवली. तीर्थ द्यायची पळी, टीचभर लांब. मुंबईच्या कुणा चाकरमान्याने नवस फेडायला दिलेली. त्या दिवशी तीर्थ काकानेच दिलं होतं. पण मांडव उतरवताना समई बाहेर आणायला गाभाऱ्यात शेवटी गेला होता तो दादा. मग काय, विचार करायची गरजच उरली नाही. गावाने देवाचा कौल घ्यायचं ठरवलं.

आमच्याकडे कौल कसा घेतात ते सांगते. देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवतात. गुरव त्या चिकटवतो आणि मग सगळे वाट बघत बसतात. जी बाजू आधी गळून पडेल ते देवाचं उत्तर. लग्न असो, विहीर असो, आजारपण असो, उजवी चांगली आणि डावी वाईट हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाऱ्हाणं सगळ्यांना ऐकू जाईल असं घालतात, पण खुद्द प्रश्न मानकरी उंबऱ्याशी वाकून पुटपुटत विचारतो. तो फक्त देवाने आणि गुरवाने ऐकायचा. चोरीच्या कौलाचे शब्द पिढ्यान् पिढ्यांचे ठरलेले होते, 'नेल्यान आसात तर डावी दी, नेल्यान नसात तर उजवी दी.' नेली असेल तर डावी, नेली नसेल तर उजवी.

ज्याच्यावर आळ त्याने मंडपाबाहेर उभं राहायचं, म्हणून दादा बाहेर दीपमाळेपाशी उभा. मी आणि आई आत, डावीकडच्या खांबाला टेकून. काका उंबऱ्याशी वाकला, पुटपुटला, सरळ झाला. आम्ही वाट बघत राहिलो. दुपारचं ऊन मंडपाच्या दुसऱ्या खांबापर्यंत आलं तेव्हा कळी पडली.

डावी.

आईच्या तोंडून आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला आठवतं, गुरवाने झटकन मान वर करून काकाकडे बघितलं. काका मात्र खाली पडलेल्या कळीकडे बघत तोंड उघडं टाकून उभा होता. मला वाटलं, बघा मेल्याला केवढा आनंद झालाय.

पळी परत येईपर्यंत दादाने रापणीच्या दोराला हात लावायचा नाही, असं ठरलं. दादाने आरडाओरडा केला नाही. फक्त मंडपाच्या पायरीवर येऊन विचारलं, "काका, नेमका काय इचारलात?"

"देवाक इचारलंय. तुका कित्याक सांगू?" काका म्हणाला आणि घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने दोन शर्ट पिशवीत भरले. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली. तो खाली कर्नाटकात गेला, तिथे ट्रॉलरवर लागला. महिन्याभराने बंदरावरच्या दुकानात त्याचा फोन आला. आई धावत गेली. तो एवढंच बोलला, "आये, पळी गावल्याशिवाय मी गावात पाय ठेवचंय नाय." आणि तो दादा होता. बोलला की बोलला.

आता मी काय करणार? सतरा वर्षांची होते. रात्रंदिवस त्या कळीचाच विचार करायचे. कळी पडते कशाने? पाणी सुकतं म्हणून. पाणी कुठलं? विहिरीचं. किती लावलं? गुरवाच्या बोटाला आलं तेवढं. वारा कुठून आला, ऊन कुठवर आलं, दगड किती गुळगुळीत. म्हणजे देवाला जर त्या दिवशी डावीच पाडायची असेल, तर त्याने तयारी कधीपासून केली असेल? पाषाण घडवणाऱ्याच्या छिन्नीपासून? विहीर खोदली तेव्हापासून? माझा भाऊ जन्मायच्याही आधीपासून हा देव त्याला चोर ठरवायची मोर्चेबांधणी करत बसला होता की काय? आणि ज्याला एवढं जमतं त्याला एक पळी शोधून देता येत नव्हती! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही एवढ्या नियोजनाने. तेव्हापासून मी देवळात जाणं सोडलं.

आईने मात्र उलटं केलं. ती दर सोमवारी जायची, त्याच डावीकडच्या खांबाशी उभी राहायची आणि म्हणायची, "म्हाराजा, त्या दिसाचो कौल नीट पडांदे."

पुढचं काही नाही. मुलगा परत येऊ दे नाही, पळी सापडू दे नाही. होऊन गेलेला कौल नीट पडू दे.

मी चिडायचे. "आये, झाल्या-गेल्याक काय मागतंस? मागूचा तर फुडचा माग."

दोन हजार एक साली मी सिंधुदुर्गनगरीत कचेरीत कारकून म्हणून लागले होते. आठवडाभर तिथेच ओरोसला खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी कसालला गाडी बदलून गावी यायचे. कचेरीतल्या गमतीजमती आईला सांगायचे. एकदा सांगितलं होतं, की आमच्याकडे आज सही झालेला आदेश दोन वर्षांमागच्या तारखेपासून लागू होतो, त्याला 'पूर्वलक्षी प्रभावाने' म्हणतात. मग माणूस दोन वर्षांपूर्वीच वरच्या हुद्द्यावर होता असं सगळ्यांनी मानायचं. ते तिने बरोबर लक्षात ठेवलं.

"तुझ्या साहेबाक मागच्या तारखेन जमता," ती म्हणाली, "आणि देवाक जमाचा नाय?"

"साहेब कागद बदलता गो. झालेला थोडाच बदलता?"

"रापण बघितलंस ना? दोनय दोर एकदम ओढतत. माश्याक वाटता, हयसून जाळा इला, मगे थयसून इला. ओढणाऱ्याक तसा काय नसता. कालचो दोर आणि फाल्याचो दोर, तेच्या दोनय हातात." एवढं बोलून ती मासे साफ करायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला हे पटलं नाही, पण लक्षात राहिलं, आणि ज्या कामासाठी लक्षात राहिलं ते काम काही पुण्याचं नव्हतं.

द्वेष सांभाळायलाही मेहनत लागते. मी ती केली. काका रोज गडग्यापलीकडे माडांना पाणी घालायचा, खाकरायचा, रेडिओ लावायचा. त्याच्या खाकरण्याचाही मला राग यायचा. त्याच्या घरी पोफळीचा आडोसा पडला, मी खूश. त्याच्या गाईला विंचू चावला, मी खूश, आणि गाईने माझं काय वाकडं केलं होतं? आणखी एक गोष्ट मला खटकायची, की काका आमच्या घराकडे बघायचा नाही. गडग्याजवळ आला की मान खाली. मला वाटायचं, माज आहे.

दोन हजार दोन साली दिवाळीनंतरच्या एका शनिवारी माझा बांध फुटला. त्या आठवड्यात दादाचा फोन आला होता, त्याने तिकडच्याच एका मुलीशी लग्न केलं होतं. आईला न बोलावता. बोलावणार कुठे, तिने विचारलं असतं की घरी कधी आणतोस. मी कसालच्या तिठ्यावर उतरले आणि दुकानातून नारळ विकत घेतला. घरी पाच माड असलेल्या बाईने नारळ विकत घ्यावा याच्यावर दुकानदारही हसला. पण घरचा नारळ आईने वाढवलेल्या माडाचा. हे काम मला तिच्या माडाच्या नारळाने करायचं नव्हतं.

गावच्या शिवेवर राखणदाराचा पाषाण आहे. देवळात मानकरी लागतो, गुरव लागतो, चारचौघं लागतात. राखणदाराला कुणी लागत नाही. मी घरी जायच्या आधीच तिकडे वळले, नारळ ठेवला, चपला काढल्या आणि माझं स्वतःचं गाऱ्हाणं घातलं.

"राखणदारा, जेणां माझ्या भावाक चोर ठरवल्यान, तेची जीभ परवां जावंदे."

परवा म्हणजे सोमवार. दर सोमवारी काका देवासमोर गाऱ्हाणं घालायला उभा राहायचा, आणि त्या वेळी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून शब्द फुटू नये, असा माझा बेत होता. मागे उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हटलं.

घरी आले तर आई चुलीपाशी. मला बघून म्हणाली, "आयकलंस गो? भावजींका झटको इलो. उजवो हात गेलो, तोंड वाकडा झाला. जीभच गेली, एक शब्द येणा नाय."

मी विचारलं, "कधी?"

"परवां. बेस्तरवारी सकाळी."

मराठीतला 'परवा' हा शब्द दोन्हीकडे तोंड असलेला आहे, हे माझ्या तोवर कधी ध्यानातच आलं नव्हतं. मागचाही परवा आणि पुढचाही परवा. मी पुढचा मागितला, आणि देवाने मागचा दिला. गुरुवारी सकाळी मी ओरोसला टेबलाशी बसून जावक नोंदवहीत क्रमांक घालत होते, तेव्हाच तो पडला होता.

मग मी जेवले. ते आधीच सांगितलं.

गावात लोक म्हणाले, देवाच्या काठीला आवाज नसतो. मला वाटलं, आवाज होता, तो माझा होता. पहिले एक-दोन दिवस मनात आलं, की मागायच्या आधीच झालं म्हणजे यात माझा काय हात? पण हे श्रेय सोडवेना. मग मी आईचीच रापण वापरली. ज्याच्या दोन्ही हातात दोन्ही दोर, त्याला शनिवारची मागणी गुरुवारी ऐकू येणारच. तो काय माझी गाडी कसालला पोचायची वाट बघत थांबणार होता? पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर. चार वर्षांनी माझी आणि देवाची दिलजमाई झाली. मी पुन्हा देवळात जायला लागले. आईला केवढा आनंद झाला.

पुढची सहा वर्षं मी सुखात काढली, हे कबूल करायला लाज वाटते पण ते खरं आहे. काकाला सकाळी पडवीत खुर्चीवर आणून बसवत. दर शनिवारी मी मुद्दाम त्या बाजूने यायचे, गडग्यापाशी थांबायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "काय काका, बरे आसात मा?" त्याच्या तोंडून लाळ आणि 'ब-ब' एवढंच यायचं. त्याची सून मला म्हणायची, तूच एक दर आठवड्याला चौकशी करतेस, देव तुझं भलं करो.

दर वेळी काका एक खूण करायचा. चालता होता तो डावा हात उचलायचा, छातीवर डाव्या बाजूला दोन बोटं टेकवायचा आणि ती खाली घसरवायचा. मग जोरजोराने मान हलवायचा, नाही, नाही. पुन्हा दोन बोटं, पुन्हा खाली, पुन्हा नाही, नाही. डोळ्यांना पाणी. मला वाटायचं, लकव्याचं दुखणं दाखवतोय, नाहीतर माफी मागतोय. एकदा मी तशीच खूण त्याला करून दाखवली आणि हसत घरी गेले. शाळेत तो दुसरीपुढे गेला नव्हता, आणि लिहिता येत असतं तरी उजवा हात मेला होता. काय म्हणायचंय ते विचारायला मी कशाला बसते.

दोन हजार आठ साली गावाने देवळाचा जीर्णोद्धार काढला. त्या वर्षांत सगळ्याच गावांनी जुनी जमीन उखडून चकचकीत फरशी घातली, मग आम्ही का मागे राहू? गाभाऱ्यातली चिऱ्याची जमीन खणली, तीर्थाचं पाणी बाहेर जायची जुनी दगडी पन्हळ फोडली, आणि तिच्या वळणात आडवी अडकलेली पळी निघाली. काळीकुट्ट, शेवाळात गुंडाळलेली. तीर्थ देऊन झाल्यावर पाण्याबरोबर घसरून गेली असणार. चोर कुणी नव्हताच.

मी शनिवारी आले तेव्हा सगळं गाव दबक्या आवाजात बोलत होतं. ज्यांनी दादाच्या हातातला दोर काढून घेतला होता ते आमच्या दारावरून जाताना घसा साफ करत होते. मला वाटत होतं, एकेकाला धरून ती पळी चाटायला लावावी. संध्याकाळी गुरव आला. म्हातारा झाला होता. ओसरीवर बसला, आईने दिलेलं पाणी प्यायला नाही.

"वयनी, दहा वर्सां माझ्या तोंडाक कुलूप होता," तो म्हणाला. "कौल खोटो नाय होतो. मानकरी इचारूक चुकलो."

"म्हंजे?" मी विचारलं.

"मानकरी म्हणालो, 'नेल्यान नसात तर डावी दी.' आधीची जत्रा डोक्यात होती, लोक हसतीत ह्याची भीती. जीभ अडकली, उलटा बोललो. माका वाटला, आता थांबात, परत इचारीत. तवसर डावी पडली. मगे तेका कळला. पण परत चुकलंय म्हणान चार लोकांत सांगूचा कसा? तुमच्या झिलान हसवलेला होता ना. माका म्हणालो, गप ऱ्हव. मी गप ऱ्हवलंय."

नेल्यान नसात तर डावी. आणि डावी पडली होती. आयुष्यभर ज्याला एक ओळ धड म्हणता आली नाही, त्याने आपली फजिती झाकायला माझा भाऊ देशोधडीला लावला. आणि तो देव! त्याने खरं उत्तर दिलं होतं, पहिल्याच झटक्याला, आणि मग दहा वर्षं आपल्या खऱ्यावर गुपचूप बसून राहिला.

आईकडे बघितलं तर तिचा चेहरा उजळलेला. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. "म्हंजे कौल नीटच पडलेलो," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच दिसा नीट पडलेलो. मी मागत होतंय, आणि तेणां कधीच दिलेल्यान."

तिने हात जोडले. तिने मागच्यासाठी मागितलं होतं आणि मागचंच तिला मिळालं होतं. दर सोमवारच्या त्या हट्टाला मी वेडेपणा म्हणत होते.

गुरव उठता उठता थांबला. "आणखी एक सांगतंय आणि सुटतंय. मानकऱ्याक तां सोसणा नाय होता. तुमचो झील लगीन करून थयच ऱ्हवलो ह्यां आयकल्यान, तो बुधवारी माझ्याकडे इलो. म्हणालो, 'शनवारी सांजचे चार माणसांक देवळात बोलव. माका सांगूचा आसा. हसले तर हसांदेत.' मी सगळ्यांका निरोप धाडलंय. आणि बेस्तरवारी सकाळी तेका झटको इलो."

शनिवारी संध्याकाळी. त्याच शनिवारी दुपारी मी शिवेवर नारळ ठेवत होते.

डावीकडे दोन बोटं, खाली, आणि नाही, नाही. सहा वर्षं तो मला तेच सांगत होता. डावी पडली, म्हणजे नाही, त्याने नेली नाही. जी एकच जीभ दादाला घरी आणू शकत होती, ती मी मागून घेतली होती.

आता मला काळ हवासा झाला. सरळ, एकामागून एक येणारा, कचेरीतल्या आवक-जावकसारखा काळ. गुरुवार आधी, शनिवार नंतर. तो गुरुवारी पडला, मी शनिवारी मागितलं, माझा काही संबंध नाही, फाईल बंद. पण सहा वर्षं मीच उलटं घोकलं होतं. देवाला पुढे-मागे नाही म्हणून फुशारक्या मारल्या होत्या. आणि आज आपल्या गळ्याशी आलं तेव्हा म्हणायचं, की देवाला गुरुवारी शनिवारचं कसं ऐकू येईल? बरं, तेही म्हटलं असतं, माझ्यात तेवढा निर्लज्जपणा आहे. पण मग आईचं काय? मागचं मागता येत नसेल तर तिने दहा वर्षं खांबाशी उभं राहून हवेशीच बोलणं केलं. पोचलं असेल तर दोघींचं पोचलं, नसेल तर कुणाचंच नाही. मी सुटायचं तर तिचा तो उजळलेला चेहरा विझवावा लागणार होता.

दादा पुढच्या वर्षी नव्या देवळाच्या पूजेला आला. तीन दिवसांसाठी, एकटाच. केस पांढरे झालेले, बोलताना मधेच तिकडचे शब्द यायचे. काकाला मूठभर माणसांनी खुर्चीसकट उचलून मंडपात आणलं होतं. गावाने दादालाच गाऱ्हाणं घालायला सांगितलं. पापाची भरपाई कशीतरी करायची होती ना. दादा उभा राहिला. आवाज तोच, तसाच गोड. मंडप 'व्हय म्हाराजा'ने दणाणला. मी काकाकडे बघत होते.

"रानात गेलेलो," दादा म्हणाला, "दर्यात गेलेलो..."

आणि थांबला. पुढची ओळ येईना. त्याने कपाळावरून हात फिरवला, पुन्हा 'दर्यात गेलेलो' म्हटलं, पुन्हा थांबला. अकरा वर्षांत गाऱ्हाणं कानावरच पडलं नव्हतं. ती ओळ सांगायचा खरा मान एकाच माणसाचा होता, तो खुर्चीत पुढे झुकला होता आणि त्याचे वाकडे ओठ थरथरत होते. 'प-प' असं काहीतरी. दादा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणीही हसलं नाही. शेवटी गुरवाने घंटा वाजवली आणि 'परमुलकात गेलेलो' म्हणायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी दादा निघाला. ट्रॉलर सुटायचा होता, मुलांची शाळा होती, त्या मुलांना मराठी येत नव्हतं. आई त्याच्या पिशवीत सुकट आणि कोकमं भरत म्हणाली, "आता कधी येतलंस?"

"येतंय गो, परवां-तेरवां कधीतरी," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.

रिक्षा गेल्यावर आई ओसरीवर बसली. रडेल असं वाटलं होतं, पण ती शांत होती. माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांना माशांचा वास होता, लहानपणापासूनचा.

"तुका एक इचारूचा होता," ती म्हणाली. "भावजी पडले त्या आठवड्यात मी पाटी घेवन शिवेवरसून जाय होतंय. राखणदाराकडे नारळ होतो, दुकानातलो, शेंडी राखलेलो. तू ठेवलेलंस मा?"

मी खाली बघितलं.

"माका तेवाच कळला. दादासाठी ठेवलेलंस. देवळात येय नाय होतंस, पण भावासाठी नारळ ठेवलंस." तिने माझ्या हातावर थोपटलं. "बघ, माझा मागणा पोचला. तुझोय नारळ पोचलो."

पलीकडे पडवीत काकाला कुणीतरी पाणी पाजत होतं, त्याच्या ठसक्याचा आवाज आला.

"व्हय," मी म्हटलं.